सतरा सप्टेंबरचा माइक

मी लाऊडस्पीकरवाला माणूस. येरमाळ्याच्या फाट्यावर आमचं दुकान आहे. मंडप, खुर्च्या, स्पीकर, जनरेटर, सगळं भाड्यानं मिळतं. बारसं असो नाहीतर तेरावं, आमच्यावाचून ह्या भागात कुणाचं पान हलत नाही. पण ह्या धंद्यात एक शिक्षा फुकट मिळते, ती म्हणजे भाषणं. ऐकणाऱ्याला कंटाळा आला तर तो उठून पान खायला जातो. आम्हाला मशीन सोडून उठता येत नाही. पुढाऱ्याचं ऐका, महाराजांचं ऐका, नवरीच्या बापाला रडू फुटलं तर तेही ऐका.

देवाला दया आली म्हणा, माझे कान गेले. एकदम नाही, हळूहळू गेले. डॉक्टर म्हणाले, जन्मभर स्पीकरपुढं बसल्यावर दुसरं काय होणार, कानात मशीन घाला. घातलं. तर त्यातनं बायको बोलली तरी पत्र्याच्या डब्यातनं बोलल्यासारखं वाटायला लागलं. काढून कपाटात ठेवलं. आता जवळ येऊन मोठ्यानं बोललं की ऐकू येतं, आणि हेडफोन लावला की माइकमधलं सगळं स्वच्छ येतं. बाकी दुनिया मुकी झाली. तक्रार नाही.

मग बहिऱ्याचा स्पीकरचा धंदा चालतो कसा? तर भाईमुळं. भाई म्हणजे माझा भागीदार. सगळा फाटा त्याला भाईच म्हणतो. आम्ही एकाच गावचे, एकाच शाळेतले, तो माझ्या मागं दोन वर्ग. म्हणून मी त्याचा दादा. मी मशीनवर बसतो आणि भाई लोकांच्या पाठीमागं जाऊन उभा राहतो. आवाज कसा लागतोय ते तो ऐकतो आणि मला हातानं सांगतो. तळहात वर उचलला की वाढव. तळहात खाली दाबला की कमी कर. मूठ वळली की स्पीकर शिट्टी मारतोय, बटण फिरव. बघणाऱ्याला वाटतं, हा बाबा मागं उभा राहून हवेत कणीक काय मळतोय. पण ह्या खुणांवर आम्ही इतकी वर्षं काढली. त्याचा हात हलला की माझी बोटं हलतात, मधे डोकं येतच नाही.

धंद्यातला आमचा कायदा एकच. माइकवाल्यानं माइकवर फक्त हॅलो हॅलो म्हणायचं. त्यापुढचं ज्याचं भाडं त्याचं बोलणं.

आता सतरा सप्टेंबर. बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. देश स्वतंत्र झाला तेव्हा आम्ही झालो नाही. सगळीकडं तिरंगे लागले आणि इथं मराठवाड्यात निजामाचं राज्य तसंच राहिलं. हा मुलूख कुणाचा, ह्यावर वर्षभर घोळ चालला. मग फौजा आल्या, निजाम शरण गेला, आणि आम्ही भारतात आलो. तो हा दिवस. आम्ही लहान होतो तेव्हा कुणी त्याचा गाजावाजा करत नव्हतं. पुढं झेंडावंदन सुरू झालं, पोरांना जिलेबी मिळायला लागली. तिथवर ठीक होतं. अलीकडं मात्र त्याचे परिसंवाद झाले. त्या दिवसाला काय म्हणायचं ह्यावर वाद. एक म्हणतो मुक्ती, दुसरा म्हणतो विलीनीकरण, तिसरा म्हणतो नुसती पोलिस ॲक्शन. कोण म्हणतो लोकांनी लढून मिळवलं, कोण म्हणतो फौजेनं मिळवून दिलं. आणि एखादा हमखास असा निघतो की तो म्हणतो, तेव्हाचं अजून फिटलेलं नाही. त्याला टाळ्या जास्त पडतात.

दरवर्षी तेच लोक, त्याच शाली, तेच नारळ. मोबाइलवर आठ दिवस आधीपासनं भांडणं. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हाही असंच. आमच्या स्पीकरच्या पेट्यांवर पिवळ्या रंगात ‘जि. उस्मानाबाद’ लिहिलेलं होतं. एका कार्यक्रमात कुणीतरी बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी भाईनं गुमान ब्रश घेतला आणि धाराशिव करून टाकलं. अक्षर माझ्यापेक्षा त्याचं चांगलं. पेट्या सुकल्या आणि लगेच एका साखरपुड्याला गेल्या.

आमचं गाव बार्शीच्या हद्दीला चिकटून आहे. मधे एक ओढा. त्या काळात ओढ्यापलीकडं आधी इंग्रजांचं राज्य, मग स्वतंत्र भारत, आणि अलीकडं निजामाचं. निजामाच्या राज्याला आमच्याकडं मोगलाई म्हणायचे. बार्शीकडचे पाहुणे लग्नात अजून चिडवतात, ‘मोगलाईतली माणसं, पंगत वेळेवर बसायचीच न्हाय.’ ओढ्याजवळ निजामाचा जकातीचा नाका होता. त्याला करोडगिरी म्हणत. आता तिथं बाभळी आहेत आणि मोडकी एक भिंत.

आमच्या घरची गोष्ट अशी की रझाकार आले, म्हणजे निजामाच्या बाजूनं लढणारे हत्यारबंद लोक, आणि त्यांनी आमच्या कडब्याच्या गंजी पेटवल्या. गोठा शेजारीच होता. दोन बैल दाव्याला बांधलेले तसेच जळाले. माझा आजा त्या रात्रीच ओढा ओलांडून पलीकडं गेला. तिकडं लढणाऱ्यांच्या छावण्या होत्या, त्यात सामील झाला. फौजा आल्यावर परत आला. परत आल्यावर त्यानं काय केलं, हे मला माहीत नाही. आमच्या घरात ही गोष्ट बैल जळाले, आजा गेला, आजा आला, तिथं संपते. लहानपणी मी विचारायचो, ‘मग?’ तर आज्जी म्हणायची, ‘मग सुराज्य आलं. ऊठ, शेरडं सोड.’

भाईच्या घरात वेगळी गोष्ट असणार, एवढं मला कळत होतं. त्याचा आजा त्या करोडगिरी नाक्यावर शिपाई होता. आणि तो त्याच सप्टेंबरात गेला. कसा गेला, हे मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. सतरा सप्टेंबरला आम्ही दोघं एकमेकांशी फक्त वायरींबद्दल बोलत आलो. ही पिन दे, ती पेटी उचल, जनरेटरमध्ये डिझेल बघ. संध्याकाळी सामान उतरवलं की सुटलो एकदाचे, असं वाटायचं. दोघांनाही वाटत असणार.

त्या वर्षी समितीचे लोक दुकानावर आले. भूमला एका मंगल कार्यालयात परिसंवाद ठेवला होता. बरोबर एक निवृत्त प्राध्यापक होते, त्यांना सगळे सर म्हणत होते, आणि समितीचा अध्यक्ष, कडक इस्त्रीतला तरणाबांड गडी. चहा झाला. पेट्या किती, माइक किती, ठरलं. भाई कोपऱ्यात स्टुलावर बसून एका वायरीला झाळ लावत होता. अध्यक्ष त्याच्याकडं वळला.

“भाई, यंदा तुमी पण दोन मिनिटं बोला स्टेजवर. तुमच्या समाजाच्या वतीनं.”

हे तो माझ्या कानाजवळ बोलत नव्हता, पण त्याचं तोंड मला बाजूनं दिसत होतं आणि इतक्या वर्षांत मी ओठ वाचायला शिकलोय. माझं डोकंच फिरलं.

“त्याचा समाज स्पीकरवाल्यांचा,” मी म्हणालो. “मग मला बोलवा की. मी पण त्याच समाजाचा.”

सर हसले. अध्यक्ष हसला नाही. “काका, तुमी चिडू नका. चांगल्यासाठीच म्हनतोय. समदे एका स्टेजवर दिसले पायजेत.”

“फोटोत दिसायला पायजेत, असं सरळ म्हण की.”

“दादा,” भाई म्हणाला. तो मला गप्प करताना एवढंच म्हणतो. मग त्यांना म्हणाला, “म्या काय बोलनार सायेब. आपल्याला हॅलो हॅलोच्या म्होरं येत न्हाय.”

अध्यक्षानं चहाचा कप खाली ठेवला. चिडला नाही, उलट गोड हसून बोलला. “न्हाय म्हनाला तर चालंल भाई. जबरदस्ती न्हाय. पर लोक इचारत्यात ना मागनं. का न्हाय म्हनला म्हनून.” आणि जाताजाता, “पोराचं दुकान कसं चाललंय? भूमच्या बाजारातच हाय ना?”

भाईच्या मुलाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे तिथं. नवंच टाकलेलं. अध्यक्षाच्या मनात वाकडं होतं की नुसती चौकशी होती, देव जाणे. पण भाईच्या हातातल्या वायरीवर झाळेचा एवढा मोठा गोळा पडला.

ते गेल्यावर मी बडबडलो. सगळ्या समितीचा उद्धार केला. भाई म्हणाला, “जाने दो दादा. दोनच मिन्टं.”

“काय बोलणार हैस?”

“तेच. आनंदाचा दिवस हाय. समद्यांचा हाय. जय हिंद.”

“आनंद झाला व्हता का तुमच्या घरात?”

हे माझ्या तोंडून गेलं. कसं गेलं, काय गेलं, पण गेलं. भाईनं झाळेची कांडी बाजूला ठेवली.

“तुमच्या घरात झाला व्हता का?”

“आमचे बैल जळाले व्हते.”

“मंग,” भाई म्हणाला, आणि परत वायर हातात घेतली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी भाभी, म्हणजे भाईची बायको, दुकानावर आल्या. भाई सामान द्यायला कळंबला गेला होता, ते बघूनच आल्या असाव्यात. दारातच उभ्या राहिल्या. माझ्याशी बोलायचं तर मोठ्यानं बोलावं लागतं आणि फाट्यावर तर सारखी माणसं. म्हणून आत आल्या, अगदी जवळ.

“दादा, हे रात-रात झोपत न्हाईत. छताकडं बघत पडत्यात. मला भ्याव वाटतंय.”

“दोन मिनिटं तर बोलायचंय.”

“दोन मिन्टाचं भ्याव न्हाय ओ. ते कदी बोलत न्हाईत. न बोलनारा मानूस एकदा सुरू झाला तर थांबतोय का? पोराला तिथं दुकान चालवायचंय. बटन तुमच्या हातात हाय दादा. वाकडंतिकडं काय बोलाया लागले तर बंद करा. लाईट गेली म्हना.”

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? बाई हात जोडून उभी. आणि मलाही तेच पाहिजे होतं, खोटं कशाला बोलू. त्यानं स्टेजवर जावं, जय हिंद म्हणावं, खाली यावं, आणि आमचं पहिल्यासारखं चालू राहावं. एवढंच मला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी भूमला गेलो. हॉल भरला होता. बाहेर ऊन आणि आत पंख्याखाली झेंडूच्या माळा. मी डाव्या बाजूला मशीन मांडलं. नेहमी भाई मागं असतो, त्या दिवशी त्याला स्टेजवर टोकाच्या खुर्चीत बसवलं होतं. डोक्याला फेटा बांधला होता. फेट्यात तो कुणाच्या तरी लग्नात जबरदस्तीनं धरून आणलेल्या मावसभावासारखा दिसत होता. मला हसू यायला पाहिजे होतं, आलं नाही. मागं खुणा करायला कोणी नाही, म्हणजे आवाज हॉलमध्ये कसा लागतोय हे मला कळायला मार्ग नव्हता. मी हेडफोन लावून बसलो.

सर बोलले. इतिहास आहे, भावनांनी बघू नये, विलीनीकरण म्हणणंच योग्य. त्यांच्या विरोधात एक वकील उठले. ज्यांनी रक्त सांडलं त्यांचा हा अपमान आहे, मुक्तीच म्हणायचं. मागनं घोषणा. अध्यक्ष मधे पडला. मग एक जण बोलला, ते मी इथं लिहीत नाही. दरवर्षी असतो तो. त्यालाच टाळ्या जास्त पडल्या. मी खुर्चीत बसूनच दमलो होतो. त्यातलं एक वाक्यही नवं नव्हतं. आज्जी बरी होती. शेरडं सोड म्हणायची आणि विषय सोडायची.

मग भाईचं नाव पुकारलं. तो उठला, माइक हातात घेतला, आणि सवयीनं त्यावर दोनदा टिचकी मारली. “हॅलो, हॅलो. चेक. मागं येतोय का आवाज?”

सगळा हॉल हसला. मागनं पोरं हात हलवून ओरडली, “येतोय, येतोय!” भाईही ओशाळून हसला. मला वाटलं, झालं, आता लोक खुशीत आहेत, निभलं.

“म्या माइकवाला मानूस,” तो म्हणाला. “भाषन येत न्हाय. आजचा दिस आनंदाचा हाय. समद्यांचा हाय.” टाळ्या. इथं त्यानं जय हिंद म्हणायचं होतं. तो थांबला. हेडफोनमध्ये मला त्याचा श्वास ऐकू येत होता. इतक्या वर्षांत त्याचा आवाज मी इतका जवळून कधी ऐकला नव्हता.

“माझा आजा आमच्या गावच्या नाक्यावर शिपाई व्हता. गरीब मानूस. मालक निजाम का कोन, त्यानं कवा बघितला बी नसंल. त्याला सरकारी खाकी कोट मिळाला व्हता. फौजा आल्या, म्होरं गेल्या, अन् तवापासनं समदे आमच्यातले घरात दडून बसले व्हते. आज्याची म्हस उपाशी. हंबरायची. म्हशीला काय कळतंय कुनाचं राज्य गेलं अन् कुनाचं आलं. तिचं वरडनं आयकवना, म्हनून तो वैरनीला भाईर पडला. कोट घालूनच पडला. दुसरं अंगात घालायला नव्हतं. वढ्यापतूर गेला. मारनारे कोन लांबचे नव्हते…”

हॉलमध्ये काय झालं, कुजबूज झाली का शांतता, मला कळलं नाही. मला फक्त दिसत होतं. पाठीमागं दारापाशी अध्यक्ष उभा होता. जिथं नेहमी भाई उभा असतो, बरोबर तिथं. त्यानं माझ्याकडं बघून तळहात खाली दाबला. एकदा, दोनदा. कमी कर.

भाभींना मी शब्द दिला होता. माझी बोटं बटणावर होती. आणि ही खूण बघून ही बोटं आयुष्यात कधी थांबली नव्हती. त्या दिवशी थांबली. मी बटण हलवलं नाही. कुणाच्याही शपथेवर सांगतो, केसभर हलवलं नाही. मला पुढचं ऐकायचं होतं. कोण होते ते, हे मला ऐकायचं होतं, आणि ऐकायचं नव्हतं.

पण भाईचं तोंड दाराकडंच होतं. त्यानंही तो हात बघितला. त्यालाही जन्माची सवय. आवाज कमी कर म्हटलं की कमी करायचा, का म्हणून विचारायचं नाही. त्यानं माइक तोंडापासनं लांब धरला, ओठ एकदोनदा हलले, मग तेही मिटले. माझ्या हेडफोनात नुसती पंख्याची घरघर राहिली. मग परत माइक जवळ घेऊन तो म्हणाला, “तर असं हाय. समद्यांचा दिस हाय. जय हिंद.”

टाळ्या पडल्या. चांगल्या पडल्या. सर उठून म्हणाले, त्या काळात दोन्ही बाजूंनी दुर्दैवी गोष्टी घडल्या, भाईंनी संयमानं मांडणी केली. अध्यक्षानं येऊन भाईची पाठ थोपटली, “एक नंबर बोलला.” दोन पोरांनी फोटो काढून घेतले. जेवणाच्या रांगेत भाईच्याच नात्यातल्या एका म्हाताऱ्यानं त्याला बाजूला ओढलं. त्याचे ओठ मला लांबूनही वाचता आले. कशाला काढलंस ते, म्हणत होता. झाकलेलं कशाला काढलंस.

दुपारीच आम्ही सामान भरलं. टेम्पो मी चालवत होतो. भाईनं फेटा सोडून मांडीवर ठेवला होता आणि त्याची घडी घालत होता, उलगडत होता, परत घालत होता. मला सगळ्यांचा राग आला होता. अध्यक्षाचा, सरांचा, त्या म्हाताऱ्याचा. भाईचाही. बोलायचं नव्हतं तर सुरू कशाला केलं? सुरू केलं तर पुरं का केलं नाही?

“म्होरचं सांग,” मी म्हणालो.

तो काहीतरी बोलला. इंजिनाच्या आवाजात मला कळलं नाही. “मोठ्यानं बोल.”

तो माझ्या कानाशी वाकला. “दादा, तुमास्नी सांगायचं तर वरडावं लागतंय. अन् हे वरडून सांगायचं न्हाय.”

मला काय झालं कोण जाणे. त्या सपाट माळावर, जिथं आता पवनचक्क्या उभ्या केल्यात, तिथं मी टेम्पो रस्त्याच्या कडेला घेतला आणि इंजिन बंद केलं. दोन्ही बाजूंना सोयाबीन, माणूस नाही काणूस नाही. मी खाली उतरलो, त्याच्या बाजूचं दार उघडलं.

“इथं वरड,” म्हणालो. “इथं तुझ्या पोराचं दुकान न्हाय. वरड काय वरडायचं ते.”

भाई उतरला. आधी म्हणाला, “नक्को दादा, चला घरी.” मी हललो नाही. मग तो खरंच ओरडून बोलला. म्हातारा होत आलेला माणूस, रस्त्याच्या कडेला उभा राहून आपल्या आज्याचं मरण भागीदाराच्या कानात ओरडून सांगतोय. लांबून कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, ह्यांचं पैशावरनं जुंपलंय.

“गावचेच व्हते!” तो ओरडला. “वळखीचे! आज्जीनं वढ्याच्या दरडीवरनं बघितलं समद्यांना! तिला समदे ठाऊक व्हते!”

“नावं?”

“सांगितली न्हाईत! मरूस्तवर सांगितली न्हाईत! अब्बानं पाय धरले तिचे. तर म्हनली, नाव सांगितलं की तू त्यांच्यात उठायचा-बसायचा न्हाईस. त्यांच्या हिरीचं पानी प्यायचा न्हाईस. मंग आपन राहायचं कुटं? गावात हीर एकच हाय!”

एवढं बोलून तो टेम्पोच्या चाकाला टेकून खाली बसला. फेटा हातातच होता, त्यानंच तोंड पुसलं. मीही बसलो. वरती पवनचक्कीची पाती फिरत होती. तिचा आवाज होतो म्हणतात, मला आला नाही.

आमच्या आज्याचा विचार माझ्या मनात आला नाही असं कसं म्हणू? त्याच आठवड्यात तो ओढा ओलांडून परत आला होता. ज्याचे बैल दाव्याला जळाले तो माणूस. तो मला खांद्यावर घेऊन जत्रेला न्यायचा. हातानं गूळ भरवायचा. तेच हात.

मी विचारलं. मोठ्यानं विचारायची गरज नव्हती, त्याचे कान शाबूत आहेत.

“भाई, आमच्या घरातलं कोन व्हतं का त्यात?”

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्यानं नुसतं नव्हतं म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. खोटं का होईना, म्हणावं. दुसऱ्या कुणाला तो ते सहज म्हणाला असता. तो माझ्या कानाशी आला आणि या खेपेला ओरडला नाही, तरी मला शब्दन्‌शब्द ऐकू आला.

“खरंच ठाव न्हाय दादा. ठाव असतं तर इतकी वर्सं तुमच्या शेजारी टेम्पोत बसलो असतो का?”

दुसऱ्या दिवशी तामलवाडीला एक कार्यक्रम होता. भाई वेळेवर आला, लोकांच्या मागं जाऊन उभा राहिला, हात वर केला, मी आवाज वाढवला. पोराचं दुकान चालू आहे. समितीनं पुढच्या वर्षीचं आगाऊ सांगून ठेवलंय आणि भाईला परत बोलायला सांगा म्हणालेत. मी त्यांना काय उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

माझी आई अजून आहे. घरात सून म्हणून आली तेव्हा आजा धडधाकट होता, आणि म्हातारपणी त्यानं अंथरूण धरलं तेव्हा त्याचं सगळं तिनंच केलं. शेवटी तो रात्री-बेरात्री काहीबाही बोलायचा आणि ती उशाशी बसून असायची. त्या दिवशी भूमहून घरी आलो तर ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. माझं तोंड बघून म्हणाली, “काय झालं रे?” तिला माहीत असणार. विचारलं तर ती माझ्याशी खोटं बोलायची नाही, हेही मला माहीत आहे. मी तिच्याजवळ बसलो, शेंगा फोडू लागलो, आणि काही झालं नाही म्हणालो. मला तिला विचारायचं नाही. मला भाई पाहिजे.